एक अर्थ, दोन क्रियापदे

परकी भाषा शिकणाऱ्याला नामे फारसा त्रास देत नाहीत. पेन, खुर्ची, आगगाडी, समुद्र यांच्याकडे बोट दाखवता येते, आणि बोट दाखवून शिकवलेला शब्द सहसा चुकत नाही. क्रियापदांचे तसे नाही. शिक्षकाने एक पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती दिले, तर त्या एकाच घटनेत देणे आहे आणि घेणेही आहे. ती घटना कोणत्या बाजूने पाहायची, हे डोळ्यांना दिसत नाही. ते भाषा ठरवते, आणि प्रत्येक भाषा ते आपल्या रीतीने ठरवते. इंग्रजी शिकणारा भारतीय विद्यार्थी 'से' आणि 'टेल', 'लेंड' आणि 'बॉरो', 'राइज' आणि 'रेझ' यांच्यात अडखळतो, त्याचे मूळ येथे आहे. त्याला शब्द माहीत नसतो असे नाही. त्याला दोन शब्द माहीत असतात. मात्र शब्दकोशात त्या दोहोंपुढे मातृभाषेतील एकच प्रतिशब्द दिलेला असतो.

अशा जोड्या पाठ करून घेण्याची प्रथा जुनी आहे. परंतु पाठ केलेल्या जोड्या परीक्षेपर्यंत टिकतात आणि बोलण्याच्या वेळी उलटतात. त्याऐवजी प्रत्येक जोडीला योग्य तो प्रश्न विचारण्याची सवय लावली, तर बहुतेक जोड्या आपोआप सुटतात. आणि या प्रश्नांची उत्तरे अनेकदा विद्यार्थ्याच्या मातृभाषेतच तयार असतात, हे या प्रकरणात दाखवावयाचे आहे.

मद्रास शहराचा अनुभव

या विषयाचा विचार करण्यासाठी चेन्नईसारखे सोयीचे शहर क्वचितच सापडेल. १९९६ पर्यंत या शहराचे अधिकृत इंग्रजी नाव मद्रास असे होते. ईस्ट इंडिया कंपनीने १६३९ मध्ये येथे जागा मिळवली आणि तेथे फोर्ट सेंट जॉर्ज हा किल्ला उभा राहिला. तेव्हापासून तमिळ आणि इंग्रजी या भाषा या किनाऱ्यावर शेजारीशेजारी नांदत आल्या आहेत. १८४१ मध्ये येथे सरकारी हायस्कूल सुरू झाले; त्यातूनच पुढे प्रेसिडेन्सी महाविद्यालय निर्माण झाले. १८५७ मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांच्याबरोबरच मद्रास विद्यापीठाची स्थापना झाली.

या कहाणीत मराठीचाही वाटा आहे. सतराव्या शतकात व्यंकोजी राजांनी तंजावरला राज्य स्थापन केले, आणि त्यांच्यामागून अनेक मराठी कुटुंबे तमिळ प्रदेशात स्थायिक झाली. १८५५ मध्ये ते राज्य कंपनीने खालसा केले, तरी घरात मराठी आणि रस्त्यावर तमिळ बोलण्याची या कुटुंबांची रीत चालू राहिली. पुढे बडोद्याचे दिवाण म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले सर टी. माधवराव (१८२८–१८९१) हे अशाच एका कुंभकोणमच्या कुटुंबातले. मद्रासच्या त्या सरकारी हायस्कुलात पॉवेल या मुख्याध्यापकांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचा कारभार त्यांनी पाहिला, आणि राज्यकारभाराच्या लिखाणात त्यांना इंग्रजीचा आधार घ्यावा लागला. मराठी, तमिळ आणि इंग्रजी या तीन भाषा एकाच माणसाच्या जिभेवर असणे, ही त्या शहरात नवलाची गोष्ट नव्हती.

तथापि काही मोजक्या कुटुंबांना इंग्रजी येणे वेगळे, आणि राज्यातील प्रत्येक गावच्या शाळेत ती शिकवली जाणे वेगळे. स्वातंत्र्यानंतर हा दुसरा प्रश्न उभा राहिला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मद्रास राज्यात, मुलांना इंग्रजीचे पहिले धडे देणाऱ्या सुमारे २७,००० शिक्षकांना नव्याने प्रशिक्षण देण्याची मोहीम आखण्यात आली. आधी थोड्यांनी शिकावे, त्यांनी पुढच्या तुकडीला शिकवावे, त्या तुकडीने आणखी मोठ्या तुकडीला, अशी ही योजना होती. बर्फाचा गोळा उतारावरून घरंगळताना मोठा होत जातो, त्यावरून तिला 'मद्रासचा हिमगोळा' असे म्हटले गेले, आणि १९६२ मध्ये डी. ए. स्मिथ यांनी त्याच नावाने तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अशा योजनेतील धोका उघड आहे. वरच्या पायरीवर एक क्रियापद चुकले, तर तीच चूक खालच्या पायरीवर हजारो पाट्यांवर लिहिली जाते. म्हणून चूक दुरुस्त करण्यापूर्वी ती का होते, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

कोठे गोंधळ होतो आणि कोठे होत नाही

तमिळमध्ये 'केळ्' असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ ऐकणे असा होतो, आणि विचारणे असाही होतो. एका शब्दाचे दोन अर्थ असले की गोंधळ होतो असे मानले, तर तमिळ विद्यार्थ्याने 'आस्क' आणि 'हिअर' यांत सतत चुका केल्या पाहिजेत. प्रत्यक्षात तसे होत नाही. विचारणे आणि ऐकणे या क्रिया एकमेकींपासून इतक्या दूर आहेत की इंग्रजीत त्यांच्यासाठी दोन शब्द असणे त्याला स्वाभाविक वाटते.

तो अडखळतो ते 'हिअर' आणि 'लिसन' यांच्यापाशी. आणि मराठी विद्यार्थीही नेमका तेथेच अडखळतो. यावरून पहिला धडा मिळतो. गोंधळ दूरच्या अर्थांत होत नाही, शेजारच्या अर्थांत होतो. ज्या दोन क्रियापदांमधील अंतर बारीक असते, त्यांच्याकडेच विशेष लक्ष पुरवावे लागते.

पहिला प्रश्न : क्रिया केली, की घडली?

'हिअर' म्हणजे आवाज कानी पडणे. 'लिसन' म्हणजे कान देऊन ऐकणे. पहिल्यात माणसाची इच्छा नसते, दुसऱ्यात असते. हेच अंतर 'सी' आणि 'लुक' यांच्यात आहे. 'सी' म्हणजे दिसणे, 'लुक' म्हणजे दृष्टी वळवून पाहणे. आणि हालणारी, बदलणारी गोष्ट काही वेळ लक्षपूर्वक पाहत राहणे म्हणजे 'वॉच'.

हे अंतर मराठीला अपरिचित नाही. 'मला आवाज ऐकू आला' आणि 'मी गाणे ऐकले', 'मला डोंगर दिसला' आणि 'मी डोंगराकडे पाहिले' ही वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. जेथे माणूस 'मला' असा येतो, तेथे क्रिया त्याच्या बाबतीत घडलेली असते. जेथे तो 'मी' असा येतो, तेथे त्याने ती केलेली असते. तमिळही हाच मार्ग अनुसरते. 'एनक्कु सत्तम् केट्टदु' म्हणजे 'मला आवाज ऐकू आला', आणि 'नान् पाट्टु केट्टेन्' म्हणजे 'मी गाणे ऐकले'. दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच, 'केळ्'. परंतु माणसाची विभक्ती बदलली की अर्थ बदलतो. जे काम भारतीय भाषा विभक्तीकडून करून घेतात, तेच इंग्रजी वेगळ्या क्रियापदाकडून करून घेते.

डिसेंबरमध्ये चेन्नईत संगीताचा हंगाम भरतो. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या म्युझिक अकॅडमीसारख्या अनेक सभांमधून त्या दिवसांत मैफली होतात. सभागृहावरून जाणाऱ्या वाटसरूच्या कानी मृदंगाचा ध्वनी पडतो, तेव्हा तो 'हिअर्स'. तिकीट काढून आत बसलेला रसिक 'लिसन्स', आणि त्याच्या क्रियापदापुढे 'टु' हा शब्द हटकून येतो. आवाज एकच आहे, पण ऐकणाऱ्याचे त्याच्याशी असलेले नाते निराळे आहे.

मराठी विद्यार्थ्याने एक सावधगिरी बाळगावी. 'मी ती बातमी ऐकली' या वाक्यात माणूस 'मी' असा असला, तरी बातमी सहसा कानी पडलेली असते. म्हणून तेथे 'हर्ड' हेच योग्य होय. विभक्ती ही खूण आहे, कायदा नव्हे. शंका आली की मूळ प्रश्नाकडे वळावे : ही क्रिया हेतुपूर्वक केली, की नुसती घडली?

दुसरा प्रश्न : क्रिया स्वतःपुरती, की दुसऱ्यावर?

'राइज' आणि 'रेझ', 'लाय' आणि 'ले', 'सिट' आणि 'सेट' या जोड्या इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही चकवतात. यांतील प्रत्येक जोडीत पहिले क्रियापद अकर्मक आहे आणि दुसरे सकर्मक. सूर्य उगवतो, किंमत वाढते, माणूस उठून उभा राहतो, येथे 'राइज' येते. ध्वज उंच चढवला जातो, हात वर केला जातो, पगार वाढवला जातो, येथे 'रेझ' येते. बंगालच्या उपसागरावर दररोज सकाळी सूर्य 'राइझेस'. पंधरा ऑगस्टला फोर्ट सेंट जॉर्जवर राष्ट्रध्वज 'रेझ' केला जातो. सूर्याला कोणी वर चढवत नाही, आणि ध्वज आपण होऊन वर जात नाही.

या बाबतीत भारतीय विद्यार्थी वास्तविक भाग्यवान आहे. मराठीत पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, तुटणे आणि तोडणे, बसणे आणि बसवणे अशा जोड्यांची रेलचेल आहे, आणि लहान मूलही त्यांत चुकत नाही. 'फांदी तोडली' आणि 'फांदी तुटली' यांतला फरक शिक्षा होण्याच्या भीतीने त्याला फार लवकर कळतो. तमिळमध्येही 'तिरुम्बु' म्हणजे वळणे आणि 'तिरुप्पु' म्हणजे वळवणे, 'ओडु' म्हणजे धावणे आणि 'ओट्टु' म्हणजे चालवणे, हाकणे, अशा जोड्या आहेत. जुन्या इंग्रजीतही क्रियापदातील स्वर बदलून प्रयोजक रूप साधण्याची रीत होती. ती रीत पुढे लोपली. 'लाय' आणि 'ले', 'सिट' आणि 'सेट', 'फॉल' आणि 'फेल' या जोड्या मागे उरल्या. येथे 'फेल' म्हणजे झाड पाडणे. 'फॉल' आणि 'फेल' यांचे नाते नेमके मराठीतील पडणे आणि पाडणे यांसारखे आहे, हे एकदा ध्यानात आले की ही जोडी विसरणे कठीण.

खरी अडचण 'लाय' आणि 'ले' यांच्या भूतकाळात आहे. 'लाय' म्हणजे पडून असणे. त्याचा भूतकाळ 'ले'. 'ले' म्हणजे ठेवणे, पसरणे. त्याचा भूतकाळ 'लेड'. म्हणजे एकाचे भूतकाळी रूप आणि दुसऱ्याचे मूळ रूप एकच आहे. मरीना किनाऱ्यावरची जाळी डोळ्यांपुढे आणावीत. कोळी जाळी वाळूवर पसरतात, ते 'ले'. जाळी वाळूवर पडलेली असतात, ते 'लाय'. काल कोळ्यांनी जाळी पसरली, ते 'लेड'. काल जाळी दिवसभर पडून होती, ते 'ले'. खोटे बोलणे या अर्थाचे 'लाय' निराळेच असून त्याचा भूतकाळ 'लाइड' असा होतो. येथे तर्क अर्ध्या वाटेपर्यंत नेतो. उरलेली वाट सरावानेच चालावी लागते.

तिसरा प्रश्न : क्रिया कोणत्या दिशेने जाते?

चेन्नईच्या एग्मोर भागात कन्नेमरा सार्वजनिक ग्रंथालय आहे. ते ५ डिसेंबर १८९६ रोजी खुले झाले. १९४८ मध्ये मद्रास राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर देशात झालेला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. त्यामागे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल राहिलेले एस. आर. रंगनाथन यांची प्रेरणा होती. कोणत्याही ग्रंथालयातील देवघेवीच्या खिडकीपाशी 'लेंड' आणि 'बॉरो' या क्रियापदांचा धडा उत्तम गिरवता येतो. खिडकीच्या आत जो बसतो तो 'लेंड्स'. बाहेर जो उभा असतो तो 'बॉरोज'. पुस्तक एकच, क्षणही एकच, परंतु क्रियापद बदलते, कारण वाक्य कोणाच्या बाजूने बोलले जात आहे हे बदलते.

मराठीत 'उसने देणे' आणि 'उसने घेणे' असे म्हटले जाते. 'उसने' हा शब्द कायम राहतो आणि दिशा देणे-घेणे या क्रियापदांवरून कळते. तमिळमध्येही 'कडन्' म्हणजे कर्ज हा शब्द कायम राहून 'कोडु' म्हणजे दे आणि 'वांगु' म्हणजे घे ही क्रियापदे बदलतात. इंग्रजीने वस्तू आणि दिशा एकाच शब्दात कोंबली आहे. म्हणून विद्यार्थी 'उसने' एवढाच अर्थ पकडतो आणि 'बॉरो मी युवर पेन' असे म्हणून बसतो. त्याला 'लेंड मी युवर पेन' असे म्हणायचे असते. पडताळा घेण्याची सोपी युक्ती अशी : 'बॉरो' नंतर 'फ्रॉम' शोभते, 'लेंड' नंतर 'टु' शोभते. जेथे 'कडून' म्हणता येईल तेथे 'बॉरो', जेथे 'ला' म्हणता येईल तेथे 'लेंड'.

पेनच्या बाबतीत अशी चूक हसण्यावारी जाते. पैशाच्या बाबतीत तसे नाही. १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासची अर्बथनॉट ही पेढी बुडाली आणि तिच्याकडे ठेवी ठेवणारे असंख्य लोक अडचणीत आले. त्या धक्क्यानंतर, १९०७ मध्ये, मद्रासमध्ये इंडियन बँक स्थापन झाली. ठेवीदार हा वस्तुतः पेढीला पैसे उसने देणारा असतो. पेढी घेणारी असते. कर्जाच्या कागदावर 'लेंड' च्या जागी 'बॉरो' लिहिले गेले, तर सावकार आणि ऋणको यांची अदलाबदल होते.

'ब्रिंग' आणि 'टेक' हीदेखील दिशेचीच जोडी आहे. 'ब्रिंग' म्हणजे घेऊन ये, 'टेक' म्हणजे घेऊन जा. मराठीत 'ये' आणि 'जा' हे शब्द स्वतंत्रपणे दिसतात. तमिळचे 'कोण्डु वा' आणि 'कोण्डु पो' शब्दशः तसेच बनलेले आहे. ज्याला 'कम' आणि 'गो' यांतला भेद कळतो, त्याला 'ब्रिंग' आणि 'टेक' चुकण्याचे कारण नाही.

'कम' आणि 'गो' यांच्या बाबतीत मात्र एक मौजेची गोष्ट आढळते. निरोप घेताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, असे मराठी घरांत मुलांना शिकवले जाते. तमिळ घरांतही 'पोयिट्टु वरेन्', म्हणजे 'जाऊन येतो', असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे चेन्नईत इंग्रजी बोलतानाही 'आय विल गो अँड कम' हे वाक्य कानी पडते. या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. त्यामागे एक शिष्टाचार आहे आणि एक शुभेच्छाही आहे. अडचण इतकीच की हा शिष्टाचार ज्याला ठाऊक नाही, असा परका माणूस त्या बोलणाऱ्याची खरोखरच वाट पाहत बसेल. एतद्देशीयांमध्ये हे वाक्य खुशाल वापरावे. परक्यासमोर 'आय ॲम लीव्हिंग नाऊ' म्हणावे. प्रत्येक स्थानिक प्रयोग हा दोष नसतो. तो कोणापुढे वापरला जात आहे, याचे भान मात्र असावे.

चौथा प्रश्न : क्रियापदाला कोणाची सोबत हवी?

'से' आणि 'टेल' यांच्यातील भेद अर्थापेक्षा सोबतीचा आहे. 'टेल' ला बहुधा ऐकणारा लागतो, आणि तोही लगेच पाठोपाठ : 'टेल मी', 'टोल्ड हिम'. 'से' ला उच्चारलेले शब्द पुरतात. ऐकणाऱ्याचा उल्लेख करायचाच असेल तर मध्ये 'टु' घालावा लागतो. 'ही सेड मी' हे चूक, 'ही टोल्ड मी' किंवा 'ही सेड टु मी' हे बरोबर. तमिळमध्ये दोहोंसाठी 'सोल्' हे एकच क्रियापद आहे, त्यामुळे तमिळ विद्यार्थ्याला हा भेद नव्याने शिकावा लागतो. मराठी विद्यार्थ्याच्या पदरी सांगणे, म्हणणे आणि बोलणे अशी तीन क्रियापदे आहेत. ती अनुक्रमे 'टेल', 'से' आणि 'स्पीक' यांच्याशी बरीच जुळतात : मला सांगितले, तो म्हणाला, ती तमिळ बोलते. परंतु मुंबईकडील बोलीत 'मी त्याला बोललो' असे सर्रास म्हटले जाते, आणि तीच लकब इंग्रजीत उतरली की 'आय स्पोक हिम' असे चुकीचे वाक्य तयार होते. खोटे, खरे आणि गोष्ट यांच्यासाठी मात्र ऐकणारा नसतानाही 'टेल' च येते, हा अपवाद लक्षात ठेवावा.

'विन' आणि 'बीट' हीही सोबतीची जोडी होय. सामना, बक्षीस किंवा निवडणूक जिंकली जाते, तेथे 'विन'. प्रतिस्पर्ध्याला हरवले जाते, तेथे 'बीट'. १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासच्या चेपॉक मैदानावर भारताने इंग्लंडवर एक डाव आणि ८ धावांनी मात केली. कसोटी क्रिकेटमधील भारताचा हा पहिला विजय. सांगलीचे विजय हजारे कर्णधार होते, आणि विनू मंकड यांनी त्या सामन्यात १२ बळी घेतले. हे इंग्रजीत सांगताना 'इंडिया वन द मॅच' असे म्हणावे किंवा 'इंडिया बीट इंग्लंड' असे म्हणावे. 'इंडिया वन इंग्लंड' असे म्हटले, तर इंग्लंड हा देशच बक्षीस म्हणून मिळाला, असा अर्थ होईल.

जेथे मातृभाषा मदत करीत नाही

येथवर पाहिलेल्या बहुतेक जोड्यांत मातृभाषेचा काही ना काही आधार मिळाला. काही ठिकाणी तो मुळीच मिळत नाही. 'डिस्कव्हर' आणि 'इन्व्हेंट' या दोहोंसाठी मराठी 'शोध लावणे' म्हणते, आणि तमिळ 'कण्डुपिडि' म्हणते. इंग्रजीत मात्र जे आधीपासून होते पण ठाऊक नव्हते, ते 'डिस्कव्हर' केले जाते. जे आधी नव्हतेच, ते 'इन्व्हेंट' केले जाते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकलेल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कलकत्त्याला प्रकाशाच्या विकिरणाविषयीचा जो शोध लावला, तो 'डिस्कव्हरी' होय. प्रकाश त्यापूर्वीही तसाच वागत होता. एडिसन यांनी १८७७ मध्ये तयार केलेला फोनोग्राफ मात्र 'इन्व्हेन्शन' होय. 'हे आधी होते काय?' एवढा एक प्रश्न येथे पुरेसा आहे.

'डू' आणि 'मेक' यांच्यापाशी प्रश्नही थकतात. मराठीतील 'करणे' दोहोंना पुरून उरते. काम पार पाडणे म्हणजे 'डू' आणि काही निर्माण करणे म्हणजे 'मेक', हा नियम बऱ्याच ठिकाणी लागू पडतो. गृहपाठ 'डू' केला जातो आणि कॉफी 'मेक' केली जाते. पण चूक 'मेक' केली जाते, गोंगाटही 'मेक' केला जातो, आणि उपकार मात्र 'डू' केला जातो. येथे शब्द सुटा न शिकता त्याच्या सोबतीसह शिकावा, हाच मार्ग उरतो. मराठीतही अंघोळ केली जाते, कपडे घातले जातात आणि पंखा लावला जातो. त्यामागचे तर्कशास्त्र मराठी माणूस कधी विचारीत नाही.

नियम आणि वापर

नियम कळल्याने भाषा येते काय, हा प्रश्न चेन्नईच्या परिसरात गांभीर्याने तपासला गेला आहे. मद्रास येथे ब्रिटिश कौन्सिलचे इंग्रजीविषयक अधिकारी असलेले एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर आणि मद्रास येथील काही शाळांतून एक प्रयोग चालवला. त्यात मुलांना व्याकरणाचे पाठ दिले जात नसत. त्याऐवजी नकाशा वाचणे, रेल्वेचे वेळापत्रक पाहून प्रवास आखणे, अशी विचार करावयास लावणारी कामे इंग्रजीतून दिली जात. लक्ष अर्थावर असताना भाषेची घडण मनात आपोआप रुजते, असा त्यामागचा विचार होता.

१९८५ मध्ये या प्रयोगाचे परीक्षण प्रसिद्ध झाले. त्याचा निष्कर्ष दोन्ही पक्षांनी विचारात घ्यावा असा होता. व्याकरणाच्या रचनांच्या चाचणीत जुन्या पद्धतीने शिकलेली मुले सरस ठरली. ऐकून किंवा वाचून अर्थ समजणे आणि संदर्भात व्याकरण वापरणे यांत प्रयोगातील मुले पुढे होती. म्हणजे ज्याने जे केले, ते त्याला आले.

क्रियापदांच्या जोड्यांना हाच न्याय लागू आहे. 'रीच' आणि 'अराइव्ह' यांतला भेद फळ्यावर सांगता येतो : 'रीच' नंतर ठिकाणाचे नाव थेट येते, 'अराइव्ह' नंतर 'ॲट' किंवा 'इन' लागते. परंतु वेळापत्रक हाती घेऊन चेन्नईला आधी कोणती गाडी पोहोचते हे शोधताना ज्याने ही क्रियापदे चार वेळा वापरली, त्याला नियम आठवण्याची गरज पडत नाही. नियम वाट दाखवतो. पायाखालची वाट वापराने होते.

सराव

पुढील वाक्ये इंग्रजीत सांगताना कोणते क्रियापद निवडावे, हे वाचकाने आधी स्वतः ठरवावे आणि मगच उत्तरे पाहावीत.

१. ग्रंथपालांनी मला दोन पुस्तके घरी नेण्यास दिली.
२. आजीने मला सांगितले की गाडी उशिरा येईल.
३. रात्री मला पावसाचा आवाज ऐकू आला.
४. काल दुपारभर तो चटईवर पडून होता.
५. येताना माझा डबा घेऊन ये.
६. त्यांच्या संघाने गतवर्षीच्या विजेत्यांना हरवले.

पहिल्या वाक्यात 'लेंट' हवे, कारण वाक्य देणाऱ्याच्या बाजूने आहे. दुसऱ्यात 'टोल्ड', कारण ऐकणारा लगेच पाठोपाठ येतो. तिसऱ्यात 'हर्ड', कारण आवाज कानी पडला. चौथ्यात 'ले', आणि येथे चुकणाऱ्याने खेद करू नये. हे पडून असण्याच्या 'लाय' चे भूतकाळी रूप आहे. पाचव्यात 'ब्रिंग', कारण दिशा बोलणाऱ्याकडे आहे. सहाव्यात 'बीट', कारण हरवले ते प्रतिस्पर्ध्याला. या क्रियापदाचे भूतकाळी रूपही 'बीट' असेच असते.

समारोप

अशा चुका करणाऱ्या मुलाला मंदबुद्धी ठरवण्याची प्रवृत्ती अजूनही आढळते. 'बॉरो मी युवर पेन' म्हणणारा मुलगा अविचारी नसतो. आपल्या भाषेने शिकवलेला न्याय तो दुसऱ्या भाषेला लावत असतो, आणि विचार करणारे मनच असे करू शकते. शिक्षकाने त्याला केवळ 'चूक' म्हणून थांबवले, तर त्याच्या हाती भीतीखेरीज काही पडत नाही. 'पेन कोणाकडून कोणाकडे जाणार?' असे विचारले, तर तो स्वतःच उत्तर शोधतो, आणि स्वतः शोधलेले उत्तर पुढच्या जोडीच्या वेळीही त्याच्या कामी येते. क्रिया केली की घडली, स्वतःपुरती की दुसऱ्यावर, कोणत्या दिशेने आणि कोणाच्या सोबतीने, हे चार प्रश्न मराठी किंवा तमिळ बोलणारे मूल आपल्या भाषेत रोज नकळत सोडवत असते. इंग्रजीच्या वर्गात त्याला त्यांची जाणीव करून द्यावी, एवढेच उरते.